दोन कचेऱ्या, एकच पाटी

एका गावाला दोन नावे असली तर फारसे बिघडत नाही. आपल्या भागातल्या माणसाला दोन्ही नावे ठाऊक असतात आणि पत्रही बिनबोभाट पोहोचते. परंतु दोन वेगळ्या कचेऱ्यांवर एकच पाटी लावली, तर शहाण्यासुरत्या माणसालाही हेलपाटे घालावे लागतात. संगणकाच्या जगात नेमके हेच घडले, आणि त्यावर केलेली मलमपट्टी मूळ दुखण्याहून वाईट निघाली.

लिनक्सवर पडदा, मेनू आणि खिडक्या यांची व्यवस्था पाहणारे दोन मोठे संच आहेत. केडीईची सुरुवात १९९६ ची, ग्नोमची १९९७ ची. दोन्ही फुकट मिळतात आणि एकाच यंत्रावर दोन्ही बसवता येतात. मात्र अक्षरांचा आकार, रंग, कळफलक यांची मांडणी बदलण्याचे साधन प्रत्येकाचे वेगळे. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आले, तेव्हा त्यातील साधनाचे नाव होते 'सिस्टिम सेटिंग्ज'. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आले आणि त्याच्याही साधनावर हीच पाटी झळकली. दोन्ही संच असलेल्या यंत्राच्या मेनूत एकाच नावाच्या दोन नोंदी! कोणती कोणाची, हे उघडून पाहिल्यावाचून कळेना.

नाव सोपे असावे, साध्या शब्दांवर कोणाची मक्तेदारी नसावी, असे यावर कोणी म्हणेल. मान्य. पण सर्वांचा शब्द जो एकट्याच्या दारावर लावतो, तो या घरात आपल्यावाचून दुसरे कोणी राहतच नाही, असे गृहीत धरतो. मग तोड निघते ती लपवण्याची. नोंदीच्या फाइलीत 'ओन्लीशोइन' ही ओळ घातली, की साधन फक्त आपल्याच संचात दिसते. पाटीचा घोळ मिटला. पण केडीईत बसून ग्नोमचा प्रोग्राम वापरणाऱ्याने त्याची मांडणी बदलायला जायचे कुठे? केडीईने पुढे अशा प्रोग्रामांचे रूप बदलण्याची सोय आपल्याच साधनात केली, हे तिचे मोठेपण. पण शेजाऱ्याचे काम शेजाऱ्याने करणे म्हणजे व्यवस्था नव्हे.

'बहुतेक लोक एकच संच वापरतात', हे शेवटचे उत्तर. वाचकहो, हा 'बहुतेकां'चा हिशेब आपल्याला चांगला परिचयाचा आहे! ज्याच्या घरात दोन भाषा नांदतात, तो या हिशेबात कोणत्याच रकान्यात बसत नाही. मराठी आणि कन्नड असे दोन कळफलक ग्नोममध्ये जोडा. त्याच यंत्रावर केडीईत शिरलात की पुन्हा पहिल्यापासून जोडा. कारण दोघांच्या नोंदींच्या वह्या वेगळ्या. एकभाषी माणसाला या साधनाकडे वर्षातून एकदा जावे लागत असेल. आपल्याला पहिल्याच दिवशी जावे लागते.

पैसे मोजून घेतलेल्या विंडोजची गतही निराळी नाही. १९८५ पासूनचे कंट्रोल पॅनेल असताना २०१२ च्या विंडोज ८ मध्ये 'पीसी सेटिंग्ज' आले. २०२१ च्या विंडोज ११ मध्येही भाषेच्या नव्या पानावरून प्रशासकीय भाषा-सेटिंग्जकडे वळलात की जुनीच चौकट उघडते. एकाच धन्याच्या वाड्यात दोन कारभारी!

मग एकीकरण कशाचे व्हावे? पाटीचे नव्हे, वहीचे. पाटी वेगळी असू द्या, तिच्यावर मालकाचे नाव स्पष्ट असू द्या. पण माणसाने एकदा सांगितलेली पसंती दोघांनीही वाचावी. हे अशक्य नाही. पडदा गडद हवा की उजळ, हे कळवण्याची सामाईक खूण ठरली. ग्नोमने ती मार्च २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीत स्वीकारली, केडीईही ती पाळते. जे रंगाच्या बाबतीत जमले, ते कळफलकाच्या बाबतीत का जमू नये? रंग ही हौस आहे. आपल्या लिपीत लिहिता येणे ही गरज आहे, आणि गरज हौसेच्या मागे रांगेत उभी राहू नये.