समाधान नको, अनुभव विचारा

रुग्णाला घरी सोडण्याची वेळ झालेली असते. नातेवाईक बिलाच्या खिडकीपाशी उभा, एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात फाइल. तेवढ्यात समोर फॉर्म येतो : ‘आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ डिस्चार्जच्या कागदावर सही व्हायची असते, तपासणीसाठी पुन्हा याच डॉक्टरांकडे यायचे असते. ‘उत्तम’वर खूण होते आणि रुग्णालयाच्या अहवालात एक समाधानी रुग्ण वाढतो.

रुग्णांचे समाधान हा आता आरोग्यसेवेच्या दर्जाचा अधिकृत निकष आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था सुरू केली. तीत एसएमएस, फोन, अ‍ॅप आणि संकेतस्थळाद्वारे रुग्णाचे मत घेतले जाते. रुग्ण नाराज असेल तर कारणही विचारले जाते : कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च की उपचारांचा दर्जा? पाऊल योग्यच आहे. अडचण आहे ती उत्तराचा अर्थ लावण्याची.

समाधान अपेक्षेवर अवलंबून असते. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या अभ्यासकांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘सर्व्हक्वाल’ ही सेवेचा दर्जा मोजण्याची पद्धत याच सूत्रावर उभी आहे : अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर. पण अपेक्षाच खालावलेली असेल तर? सरकारी रुग्णालयात तीन तास रांगेत थांबलेली बाई ‘नंबर तरी लागला’ म्हणून समाधानी असते. खासगी खोलीतला रुग्ण एसी नीट चालत नाही म्हणून नाराज असतो. दोघांचे गुण शेजारी ठेवले, तर दर्जाबद्दल चुकीचाच निष्कर्ष निघेल.

दुसरी अडचण वैद्यकीय आहे. वागणूक, स्वच्छता, ताटकळणे याची रुग्णाला अचूक जाण असते. पण अँटिबायोटिकची गरज होती की नव्हती, हे त्याला ठरवता येत नाही. ‘इंजेक्शन दिलेच नाही’ ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. ते न देणारा डॉक्टर कदाचित अधिक योग्य वागलेला असतो. अमेरिकेत सुमारे ५२ हजार प्रौढांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक समाधानी गटात रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण, औषधांवरचा खर्च आणि मृत्यूचा धोकाही जास्त आढळला. समाधानामुळे मृत्यू होतात, असे यावरून सिद्ध होत नाही. पण समाधान म्हणजे चांगला उपचार, हे समीकरणही टिकत नाही. त्याच वर्षी तेथे रुग्णांच्या सर्वेक्षणाला रुग्णालयांच्या सरकारी मोबदल्याशी जोडले गेले. वेदनाशमनाच्या प्रश्नांमुळे डॉक्टरांवर अफूजन्य औषधे देण्याचा दबाव येतो, अशी टीका झाली. अखेर २०१६ मध्ये ते प्रश्न मोबदल्याच्या हिशेबातून वगळण्याचा निर्णय झाला.

मग रुग्णाला विचारायचेच नाही का? विचारायचे, फक्त प्रश्न बदलायचा. त्याच अमेरिकी सर्वेक्षणातील उपयोगी भाग असा, की तिथे ‘खूश आहात का’ याबरोबरच ‘परिचारिकांनी तुमचे म्हणणे किती वेळा नीट ऐकून घेतले’, ‘नवे औषध देताना ते कशासाठी आहे हे सांगितले का’ असेही विचारतात. अशा उत्तरांतून नेमके काय सुधारायचे ते कळते.

महाराष्ट्रात यासाठी आधार तयार आहे. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. स्थानिक पातळीवर तक्रार निवारण कक्षही हवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तेव्हा खासगीत विचारावे : दरपत्रक दिसले का? खर्चाचा अंदाज आधी मिळाला का? सरकारीत विचारावे : मोफत असूनही कोणते औषध बाहेरून आणावे लागले?

आणि हे प्रश्न बिलाच्या खिडकीपाशी नकोत. रुग्ण घरी पोहोचल्यावर, आठवडाभराने, रुग्णालयाबाहेरच्या यंत्रणेने विचारावेत. आलेली उत्तरे आणि त्यावर काय केले, दोन्ही रुग्णालयाच्या दारातल्या फलकावर लागावीत. तक्रारीने काही बदलते हे दिसले, तरच पुढचा रुग्ण खरे उत्तर देईल.