कोयत्याचा हिशेब

खंडेनवमीला आमच्या घरी कोयता धुऊनपुसून पाटावर मांडतात. त्याला हळदकुंकू वाहतात, मुठीला झेंडूचे फूल बांधतात आणि घरातली लहानथोर माणसे त्याच्या पाया पडतात. गावात घरोघर हेच चालते. पुढे आठ दिवसांनी तीच माणसे लोहाराच्या दारात उभी राहतात आणि त्याने सांगितलेल्या किमतीतून पन्नास रुपये कसे सुटतील याची खटपट करतात. हत्याराला नमस्कार आणि हत्यार घडवणाऱ्याशी घासाघीस, असा आपला धर्म आहे. मीही तो वर्षानुवर्षे पाळला. त्याची जी फळे पदरात पडली त्यांवरून हे लिहीत आहे. लिहिताना कुणाची भीड धरायची नाही असे ठरवले आहे, माझीसुद्धा.

घासाघीस करणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. शाळेतल्या मधल्या सुट्टीत, पारावर, एस. टी. त, मी तो शंभरदा ऐकला आहे. लोहार भंगारवाल्याकडून मालमोटारीचा जुना कमानपाटा किलोवर आणतो. एका कोयत्याला फार तर पाऊण किलो पाटा लागतो. म्हणजे पन्नास-साठ रुपयांचा माल. आणि मागतो किती? चारशे! ही लूट नव्हे तर काय?

मी कादंबऱ्या लिहितो. याच न्यायाने उद्या प्रकाशक मला कागदाच्या वजनावर मानधन देऊ लागला तर मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?

पण नुसती कोटी करून हा युक्तिवाद मरत नाही. तो मुळातूनच तपासला पाहिजे. लोखंड सगळे सारखेच, असे जो म्हणतो त्याने कधी ऐरणीपाशी बसून पाहिलेले नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मला हे शास्त्र आमच्या लोहारमामांच्या भट्टीशेजारी उकिडवे बसून कळले, आणि आकडे मागाहून पुस्तकांत सापडले. लोखंडाचे पोलाद होते ते कार्बनाने. घर बांधायच्या सळईत कार्बन हजारात दोनेक भाग असतो. तिचा कोयता घडवला तर दिसायला तो कोयता होईल, पण त्याला कितीही पाणी पाजा, धार उभी राहायची नाही. उलट कानशीच्या पोलादात कार्बन हजारात बाराच्या आसपास असतो. त्याचे पाते वस्तऱ्यासारखे लागेल आणि पहिल्याच गाठीवर काचेसारखे फुटेल. कमानपाट्यात हे प्रमाण हजारात पाच ते सहा असते, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम असते. भरल्या गाडीचे ओझे खड्ड्याखड्ड्यातून पेलायचे, वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे, एवढ्यासाठीच ते पोलाद केलेले असते. मोठ्या पात्याला नेमका हाच गुण लागतो. भाजी चिरायची सुरी दाबून कापते. कोयता घाव घालून तोडतो. घाव घालणाऱ्याच्या अंगी कडकपणाआधी चिवटपणा हवा. तेव्हा लोहार पाटा घेतो तो स्वस्त म्हणून नव्हे. त्या कामाला योग्य तेच आहे, आणि शिवाय स्वस्तही आहे.

बरे, भंगारातला पाटा म्हणजे आंधळा माल. त्याने किती वर्षे ओझे वाहिले, त्याच्या पोटात कुठे केसाएवढी चीर पडली आहे, हे वरून दिसत नाही. मामा प्रत्येक नव्या पाट्याचा टोकाचा तुकडा तापवून, विझवून, घणाखाली मोडून पाहतात. मोडलेल्या जागेचा दाणा बारीक, राखी रंगाचा दिसला तर पुढचे काम. तेवढा तुकडा वाया, तेवढा कोळसा वाया आणि तेवढी सकाळ वाया. हे गिऱ्हाइकाला कुठे दिसते?

याच्याही पुढची गोष्ट आचेची. घडवून झालेले पाते लाल करायचे. लोहचुंबक त्याला धरीनासा होतो, त्याच्याही थोडे वर न्यायचे. लोहचुंबक सुटतो तो 770 अंशांच्या सुमाराला, आणि या पोलादाला त्यावर आणखी पन्नाससाठ अंश हवे असतात. मग ते तेलात विझवायचे. पाण्यात विझवले तर असले पाते तडकण्याची भीती. आपण भाषेत 'पाणी पाजणे' म्हणतो खरे, पण या पात्याला पाजायचे ते तेल. आता पाते कडक झाले, पण रागीट झाले. म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा मंद आचेवर धरायचे आणि त्याचा ताठा उतरवायचा. 220 अंशांच्या आसपास पात्यावर वाळल्या कडब्याचा रंग चढतो, मग तो तांबूस होतो, मग जांभळा, आणि तीनशेच्या सुमाराला निळा. कोणत्या रंगावर थांबायचे हे मामा पाहतात ते भर दुपारी, झाप अर्धे लावून, अंधारात. त्यांच्यापाशी तापमापक नाही. डोळे आहेत. किंमत मागतात ती त्या डोळ्यांची.

आता हिशेब मांडू. फळ्यावर मुलांना मांडून दाखवतो तसाच. हा हिशेब आमच्या गावचा, मामांनी सांगितलेला आणि मी वहीत उतरवलेला. दहा कोयत्यांचा एक घाणा धरा. पाटा आठ किलो, सत्तर रुपयांनी, 560. कोळसा बारा किलो, चाळीस रुपयांनी, 480. दहा मुठींचे लाकूड आणि शेंब्या, 400. कानस, सहाण, तेल, भात्याच्या जागी आलेल्या पंख्याची वीज, मिळून 200. घण मारायला एक गडी, दोन दिवस, पाचशे रुपये रोजाने, 1000. एकूण खर्च 2640. दहांपैकी एक पाते विझवताना हमखास तडकते. त्याचे फार तर खुरपे निघते, ते सोडून देऊ. उरले नऊ. चारशेने विकले तर 3600. खर्च वजा जाता मामांच्या हाती 960, दोन दिवसांचे. म्हणजे रोज 480. घण मारणाऱ्या गड्याला पाचशे आणि घण कुठे मारायचा हे सांगणाऱ्याला चारशे ऐंशी!

आणि आपण पन्नास रुपये कमी करा म्हणतो. साडेतीनशेने नऊ कोयत्यांचे 3150 होतात. खर्च वजा जाता उरतात 510, रोज 255. आपल्याला वाटते आपण किमतीचा आठवा हिस्सा सोडवला. प्रत्यक्षात आपण लोहाराची जवळजवळ निम्मी मजुरी कापलेली असते. ही साधी वजाबाकी आहे. चौथीतले पोर ती करील. आपण करीत नाही, कारण ती करून पाहण्याची आपल्याला इच्छा नसते.

कापलेली मजुरी लोहार कुठून भरून काढणार? पाटा कमी घालता येत नाही, कोयता हलका झालेला हाताला कळतो. मूठ वाईट बसवता येत नाही, ती डोळ्याला दिसते. कापता येते ती एकच पायरी, जी हातालाही कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. ताठा उतरवण्याची.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. काही वर्षांपूर्वी मी बांधावरच्या बाभळी सवळायला एक मोठा कोयता करवून घेतला. नेहमीपेक्षा चार बोटे लांब, माझ्या मापाचा. मामांनी सहाशे सांगितले. मी साडेचारशेवर आणले आणि घरी येऊन त्याची फुशारकीही मारली. दुसऱ्या महिन्यात आमचा गडी बाभळीवर घाव घालत असताना पात्याचा नखाएवढा तुकडा उडाला आणि त्याच्या भुवईवर बसला. दोन बोटे खाली बसता तर डोळा गेला होता. चार टाके पडले. दवाखान्याचे बिल माझ्या वाचवलेल्या दीडशेच्या कितीतरी पुढे गेले.

मी तुटका कोयता घेऊन तणतणत भट्टीवर गेलो. मामांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "दाणा बारीक आहे, गुरुजी. पोलाद चांगलंय. उतरवलं नाही त्याचं हे."

"का नाही उतरवलं?"

"तुम्ही साडेचारशे म्हणालात. त्या दिवशी सगळी पाती एकदमच विझवली आन् तशाच मुठी बसवल्या. दुसरा ताव घालायला कोळसा कुणाच्या पैशानं आणू?"

मी निरुत्तर झालो. पण म्हणून मामांना मी निर्दोष सोडणार नाही. कारागिराने कमी पैशांत काम नाकारावे. घेतले तर पुरे करावे. अर्धे काम पुऱ्याच्या रूपात हातात देणे ही फसवणूकच, मग ती पोटासाठी केलेली असो. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. पण त्या फसवणुकीतला माझा वाटा मी दाम मोजून विकत घेतला होता. गड्याच्या भुवईवरचा वण मला अजून रोज दिसतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. शहरांतून हल्ली हातघडणीची मोठी पाती करवून घेणारा एक शौकीन वर्ग निघाला आहे. माझ्या एका परिचिताने अशा पात्याला बारा हजार मोजले. किमतीबद्दल मी त्याला हसत नाही. तो कारागीर आपल्या फुटलेल्या पात्यांची आणि वाया गेलेल्या दिवसांची किंमत उघडपणे लावतो आणि गिऱ्हाईक ती निमूटपणे देतो. हा व्यवहार आमच्या गावच्यापेक्षा सचोटीचा आहे. हसू येते ते पोलादाच्या निवडीचे. माझ्या परिचिताने हट्टाने डी-टू नावाचे पोलाद घेतले. त्यात कार्बन शेकडा दीड आणि क्रोमियम शेकडा बारा. ते निघाले आहे कारखान्यातल्या साच्यांसाठी. झीज म्हणून त्याला ठाऊक नाही, पण घाव सोसणे हा त्याचा पिंड नव्हे. त्याला 1000 अंशांवरची, मोजून राखलेली आच लागते आणि बोथटले तर साध्या कानशीला ते दाद देत नाही. एवढे करून तो गृहस्थ त्याने नारळ फोडतो! दुसरे एक सद्गृहस्थ गंजणार नाही असलेच पोलाद हवे म्हणून अडून बसले. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली केले आणि जगातल्या स्वयंपाकघरांवर त्याचे उपकार आहेत. पण रानातल्या लांब पात्याला न गंजणे हा पहिला गुण नव्हे. तेलाचे बोट फिरवले की तो प्रश्न मिटतो. महाग पोलाद म्हणजे चांगले पाते, ही समजूत आणि स्वस्त पाटा म्हणजे स्वस्त पाते, ही समजूत, या सख्ख्या बहिणी आहेत. दोघीही वजनकाट्याशी बोलतात, भट्टीशी बोलत नाहीत.

पण शौकिनाचे पाते फुटले तर त्याची हौस फुटते. ज्याचे पोट फुटते त्याच्याकडे पाहा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. मुकादम त्यांची मोजणी माणसांवर करीत नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. दोन जित्या माणसांना ज्या हत्याराचे नाव दिले, ते हत्यार तरी धड असावे की नाही? त्यांना मजुरी मिळते टनावर. ऊस बुडख्याशी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर तिथे जास्त. तिथे माती असते, खडे असतात, पाते वरचेवर बोथटते. बाजारातला पत्र्यातून कापलेला स्वस्त कोयता तासातासाला घासत बसावा लागतो. घासण्यात गेलेला वेळ टनातून वजा होतो आणि बोथट घावाची दुप्पट ताकद बाईच्या मनगटातून वसूल होते. फडात बसल्या जागी कानशीने धार धरील, दगडावर आपटून फुटणार नाही आणि हंगाम सरल्यावर शेवटून घेता येईल, असा कोयता नीट आचवलेल्या पाट्याचाच होतो. तो पन्नास रुपयांनी महाग असेल. त्याची किंमत कोयत्यावर लिहिलेली नाही, ती मनगटावर लिहिलेली आहे.

ही खोड आपल्याला लागली कुठून? मला वाटते, बलुत्यातून. लोहार बारा बलुतेदारांतला. सुगीला त्याला धान्य मिळे आणि वर्षभर तो फाळ, कुऱ्हाडी, विळे शेवटून देई. एकेका कामाला वेगळी किंमत नव्हती. बलुते गेले, खळ्यावरचे धान्य गेले. मात्र लोहाराचे श्रम फुकटात जमा असतात ही समजूत आपण जपून ठेवली. सोयीचे तेवढे आपण परंपरा म्हणून राखतो. सभेत उभे राहून आपण सांगतो की दख्खनचे पोलाद एके काळी जगात नावाजलेले होते, तेलंगणातल्या कोनासमुद्रमला ते न्यायला इराणातून व्यापारी येत. खरे आहे. पण ते व्यापारी एवढ्या लांबून येऊन किंमत मोजून नेत होते. आपण वेशीपर्यंत जातो आणि पन्नास रुपये परत मागतो.

मामांचा मुलगा आता तालुक्याला गॅरेजमध्ये कामाला आहे. तो गाड्यांचे पाटे बदलतो. निघालेले जुने पाटे बापाकडे पाठवतो. "भट्टी चालवशील का?" म्हणून मी त्याला एकदा विचारले. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही किती देणार ते आधी सांगा." माझ्या शाळेत हा मुलगा गणितात कच्चा होता असा माझा समज होता.

तेव्हा या दिवाळीत माझे सांगणे एवढेच. कोयता करवून घ्यायचा असेल तर महिनाभर आधी सांगा. पाटा मोडून पाहिला का, तेलात विझवला का, ताठा कोणत्या रंगावर उतरवला, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली नाहीत तर घेऊ नका. मिळाली तर सांगितलेली किंमत द्या आणि घरी या. मी गेल्या महिन्यात नवा कोयता सांगितला. मामांनी सातशे म्हटले. मी सातशे दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, काही चुकलं का?"