आधी जागा कुणाची ते बघा



मागच्या रविवारी विहारात बैठक झाली. वस्तीतल्या काही भगिनी एका कंपनीत कंत्राटावर सफाईचे काम करतात, त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला आहे. पोरे तापलेली. "काका, उद्या आत घुसून ठाण मांडू, नाहीतर हायवे अडवू!" मी म्हटले, थांबा रे, आधी जागा कुणाची ते बघा.

संविधानाच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क आपल्याला दिला. दुसऱ्याच्या आवारात जमण्याचा नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६९ साली हेच सांगितले, आणि ते आवार तर सरकारी होते. खासगी गेटच्या आत गेलो की मूळ पगाराचा प्रश्न राहतो बाजूला आणि पोरांवर केस होते. मग नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन आले की आई-बाप कागद घेऊन वणवण फिरतात.

रस्त्याचे वेगळे आहे. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात १९७२ साली कोर्ट म्हणाले, पोलीस सभेला नियम घालू शकतात, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारू शकत नाहीत. मात्र रस्ता बेमुदत अडवता येत नाही, हे २०२० च्या शाहीनबागच्या निकालात स्पष्ट झाले. शिवाय शहरात जमावबंदीचा हुकूम चालू असू शकतो, तो ठाण्यात विचारून घ्यावा. म्हणून अर्ज. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख. (कारकुनाला शिक्क्याचे वेड, असे घरात म्हणतात. म्हणोत.) नकार आला तर तोही लेखी मागायचा. तोंडी नकार घेऊन कोर्टात काय दाखवणार?

पोरांना हे मिळमिळीत वाटले. तेव्हा महाड सांगितले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. पुढे काही सवर्णांनी तळे आमच्या खासगी मालकीचे, असा दावा लावून डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्याच महिन्यात परिषद. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आलेले. मंडपाला जागा कुणी देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. सत्याग्रह पुढे ढकलला, मंडपासमोर मनुस्मृती जाळली, रस्त्याने मिरवणूक काढली आणि खटला लढवला. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे गेली, पण तळे खासगी ठरले नाही.

एक पोरगा म्हणाला, "आम्हाला दहा वर्षे थांबायला वेळ नाही, काका." खरे आहे. घरात रेशन नाही म्हटल्यावर दहा दिवसही जास्तच. म्हणून कामगार आयुक्तांकडे तक्रार त्याच दिवशी लिहिली आणि ठाण्याचा अर्जही. बुधवारी पोच मिळाली. गेटसमोरची मोकळी पट्टी, सकाळी दहा ते पाच, लाऊडस्पीकर नाही.

भगिनींनी येताना हजेरी कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या आणाव्यात. लहान मुलांना घरी ठेवावे, ऊन फार आहे.