कानाडोळा

छत्तीस वर्षं शाळेत पोरांचे कान पिळले, आता म्हातारपणी कुत्र्याचे कान तपासतोय... आमची ही म्हणते, "केलेलं फेडताय!" हसा मंडळी, पण आज मी जरा रागावून लिहिणार आहे.

राग आहे तो कोमट तेलावर. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात चिखलीपासून मेहकरपर्यंत कुठंही जा, कुत्रं मान झटकायला लागलं की सल्ला ठरलेला, "गुरुजी, गोडं तेल कोमट करा अन् कानात सोडा." गोचीड दिसली तर राकेल. मळ दिसला तर काडीला कापूस. मागच्या पावसाळ्यात मीही आमच्या मोत्याच्या डाव्या कानात तेल सोडलं. एकदा नाही, आठ दिवस! नवव्या दिवशी घाण वास आणि काळपट पाणी यायला लागलं, तेव्हा कुठं दवाखाना आठवला.

डॉक्टरांनी कागदावर कान काढून दाखवला. आपल्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे. म्हणजे काडीने मळ निघत नाही, उलट वळणापाशी ठासला जातो. तेलाने ओल आणि घाण आत अडकते, बुरशीला आणि जंतूंना आयतं घर मिळतं. पडदा फाटलेला असेल तर वरून सोडलेलं सगळं थेट मधल्या कानात. आणि राकेल तर आतली नाजूक कातडीच भाजून काढतं.

मोत्याचा कान महिन्याभराने बरा झाला; पण त्या बाजूने हाक मारली तर तो आता वळून बघत नाही. तेलाचा सल्ला कुणी दिला ते सांगणार नाही. सोडलं मी होतं.

मग करायचं काय? आठवड्यातून एकदा पाळी उलटून बघा, वास घ्या. कान स्वच्छ, फिकट गुलाबी असेल, वास नसेल, तर हात लावू नका. उगाच रोज धुण्यानेही त्रासच होतो. लोंबत्या कानांचं कुत्रं भिजलं तर कान पुसून कोरडे करा. मळ असेल तर डॉक्टरांनी दिलेलं कान धुण्याचं औषध सोडा, कानाच्या बुडाशी हलक्या हाताने चोळा, त्याला मान झटकू द्या, आणि वर आलेलं तेवढंच कापसाने टिपा. दुखत असेल, वास येत असेल, मान एकीकडे कलत असेल, तर घरगुती काही नको. सरळ दवाखाना.

"गावातल्या मोकाट कुत्र्यांचे कान कोण धुतं?" कोणी नाही, कबूल. उभ्या कानात वारा खेळतो, त्यामुळे बरीच वाचतात. जी वाचत नाहीत ती आपल्याला दिसत नाहीत, इतकंच.

"ढोरांच्या दवाखान्यात कुत्रं नेतात का?" हेही ऐकलं. नेतात हो! पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकतो. पण त्याच पावसाळ्यात, त्याच गोठ्याबाहेर रात्रभर जागणाऱ्या जिवाच्या कानाकडे? त्याला आपल्या मराठीत शब्दच आहे, कानाडोळा.

असो. आज घरी गेल्यावर एवढी पाळी उलटून बघाच.