उमेदवारीचा खर्च कोणी सोसावा?

दुसरबीडहून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तथापि खाऱ्या पाण्याची एक नैसर्गिक प्रयोगशाळा याच बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे, उल्कापाताने काळ्या पाषाणात खोदून ठेविली आहे. २०२० च्या जून महिन्यात त्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. त्याच वर्षी सरोवराची गणना रामसर स्थळांत झाली. हे पाहून आमच्या भागातील एखाद्या शेतमजुराच्या मुलीस सागरविज्ञानाची ओढ लागली, तर तिला वाट मोकळी आहे काय?

सागरविज्ञान केवळ ग्रंथ वाचून येत नाही. १९६६ साली स्थापन झालेली, गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था किंवा मुंबईतील वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था अशा ठिकाणी काही आठवडे राहून, पाण्याचे नमुने घेऊन, सूक्ष्मदर्शकाशी बसूनच ते हाती लागते. या उमेदवारीस आज इंटर्नशिप म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर वर्गांत तर असे कार्यप्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग झाले आहे. परंतु खोलीभाडे, खाणावळ आणि रेल्वेचे तिकीट यांची तरतूद कोणी करावयाची, याचे उत्तर अभ्यासक्रमात नाही.

कायद्याची स्थिती पहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या कलम १३ अन्वये कारखान्यातील शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. प्रयोगशाळेत शिकावयास गेलेला महाविद्यालयीन विद्यार्थी या कलमाच्या छत्राखाली येत नाही. अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे विज्ञान पदवीच्या वसतिगृहस्थ विद्यार्थ्यास निर्वाहापोटी वर्षास ६,००० रुपये, म्हणजे महिन्यास ५०० रुपये मिळतात. एवढ्या रकमेत गोव्यात आठवडा तरी निघेल काय? राज्याची स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस मोठा आधार देते, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु तिचा हेतू वसतिगृहात जागा न मिळालेल्यांची सोय लावणे हा आहे, दूरच्या प्रयोगशाळेतील उमेदवारी हा नव्हे.

कोणी म्हणतील, ज्यास हौस आहे त्याने पदरमोड करावी. हा युक्तिवाद ज्यांच्या पदरी काही आहे त्यांनाच शोभतो. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांस कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मंजूर केले. केवळ शुल्क माफ करून भागले असते काय? विद्यार्थ्याने परक्या गावी जगावेही लागते, हे त्या शिष्यवृत्तीने ओळखले होते. बिनवेतन उमेदवारी ही वेठबिगार नव्हे, हे आम्ही मान्य करतो. पण गुणांऐवजी बापाच्या ऐपतीने निवड करणारी ती चाळणी मात्र निश्चित आहे. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्यावी, असे घटनेचे ४६ वे कलम राज्यास सांगते. जे शिक्षण अभ्यासक्रमात आहे त्याचा खर्च त्या काळजीबाहेर कसा राहील?

सबब आमची मागणी स्पष्ट आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत उमेदवारीचे स्वतंत्र शीर्षक असावे. त्यात प्रवास, निवास व भोजन यांचा समावेश व्हावा. संस्था महाराष्ट्राबाहेर आहे म्हणून अर्ज नाकारू नये. आणि रक्कम निघण्यापूर्वी हाती पडावी. पावत्या दाखवून मागाहून मिळणारा पैसा ज्याच्याजवळ आधी पैसा असतो त्याच्याच उपयोगी पडतो. विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादमी आपल्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीत विद्यावेतन व प्रवासखर्च देतात. तेव्हा हा मार्ग अपरिचित नाही, तो रुंद करावयाचा आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही स्वस्थ बसू नका. प्राचार्यांमार्फत समाजकल्याण कार्यालयाकडे खर्चाच्या आकड्यांसह लेखी मागणी करा, पोच घ्या, उत्तर मागा. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.