आधी तळ, मग मासा

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मासे शोधणाऱ्या यंत्रावर लेख यावा, हे काही प्राध्यापक महाशयांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु आपल्या वर्गातील मागच्या दोन बाकांवर 'रविवारी गरवायला कुठे जायचे' ही चर्चा तर्कशास्त्राच्या तासालासुद्धा थांबत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. अलीकडे या चर्चेला नवे वळण लागले आहे. गळ, गरी, आमिष हे विषय मागे पडले आणि 'फिशफाइंडर कोणता घ्यावा' हा एकच प्रश्न उरला. कोणी मोबाइलवर चित्रफिती दाखवतो, कोणी मुंबईच्या चुलतभावाचा हवाला देतो, आणि ज्याच्याकडे धड होडीही नाही तो सर्वांत मोठ्या पडद्याचे यंत्र सुचवतो. प्रश्न हौसेचा असला तरी पैसा खराच जाणार आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी तेवढ्या पैशांत एका सत्राचे शुल्क भागते. तेव्हा या विषयावर कोणीतरी जरा सविस्तर लिहावे, असे वाटले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिले यंत्र घेणाऱ्याने ते मासे पाहण्यासाठी घेऊच नये. पाण्याखालचा तळ पाहण्यासाठी घ्यावे. यंत्र कदाचित तेच असेल, पण ते निवडण्याची कसोटी यामुळे पार बदलते, आणि खर्चही बराच आटोक्यात येतो.

या यंत्राचे काम मुळात फार साधे आहे. होडीच्या तळाशी किंवा वरवंडीला लावलेला ट्रान्सड्यूसर विजेचे रूपांतर ध्वनीत करतो आणि तो ध्वनी खाली सोडतो. तळावर आदळून प्रतिध्वनी परत आला की त्याला लागलेला वेळ यंत्र मोजते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे साडेसात मीटर खोल तळाला स्पर्श करून परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. वेळेवरून खोली काढायची, एवढाच हिशेब. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे दोरीला शिसे बांधून वावांत पाणी मोजत, तेच काम इथे ध्वनी करतो. दर्यावर्दी लोक त्या शिशाच्या बुडाशी मेण किंवा चरबी लावीत, म्हणजे तळची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. मोजणी आणि नमुना, दोन्ही एका दोरीत! १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी पहिले व्यवहारोपयोगी मत्स्यशोधक यंत्र बाजारात आणले, तेही खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पायावरच उभे होते. तळ ही या यंत्राची मूळ विद्या आहे. मासा नंतर आला.

आता माशाकडे वळू. पडद्यावर जे माशाचे गोंडस चित्र उमटते, ज्याच्या शेजारी खोलीचा आकडाही असतो, त्याच्यावर माझा विशेष राग आहे. तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण शिकलो की पर्वतावर धूर दिसतो ते प्रत्यक्ष, आणि त्यावरून तेथे अग्नी आहे असे म्हणतो ते अनुमान. यंत्राला प्रत्यक्ष होतो तो प्रतिध्वनी. 'मासा' हे त्याचे अनुमान आहे, आणि ते अनुमान तो बिचारा प्रत्यक्षाचा वेष चढवून आपल्यासमोर उभे करतो. हेतू काय, व्याप्ती काय, काहीच सांगत नाही. मग पाण्यातले बुडबुडे, वाहत आलेली फांदी, अर्धवट बुडालेली प्लास्टिकची पिशवी यांनाही मत्स्यपद मिळते. आमच्या न्यायशास्त्राच्या सरांनी हेत्वाभासाचे इतके चांगले उदाहरण वर्गात अजून दिलेले नाही.

बरे, खरा मासा असला तरी त्याचा प्रतिध्वनी मुख्यत्वे येतो तो त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून, मांसावरून फारसा नाही. घोळीचे बोत सोन्याच्या भावाने विकले जाते हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. ते बोत म्हणजे हीच पिशवी. ज्या माशाची पिशवी मोठी, तो यंत्राला चांगला दिसतो. मुशीला ही पिशवी नसतेच, आणि आपल्या लाडक्या सुरमईलाही नसते. त्यामुळे होडीखालून चांगली थोरली सुरमई निघून गेली तरी पडद्यावर फिकट रेघ उमटेल, आणि लहानशा पिशवीवाल्या माशांचा थवा मात्र ढग भरून आल्यासारखा दिसेल. चित्र मोठे म्हणून मासा मोठा, हा हिशेब इथे लागू पडत नाही. शिवाय पडदा उजवीकडून डावीकडे सरकतो. अगदी उजव्या कडेला जे दिसते तेवढेच 'आता'चे; बाकी सारा इतिहास. पडद्याच्या मध्यावर कमानीसारखा आकार दिसला की आपले मित्र तिथेच गळ सोडतात, पण ती कमान होडी पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या माशाची असते. ती कमान पडते तीसुद्धा होडी आणि मासा यांतले अंतर आधी कमी आणि मग जास्त होत गेल्यामुळे. होडी नांगरलेली असली आणि मासाही एका जागी स्थिर असला तर कमान नाही, लांबच लांब आडवी रेघ येते. म्हणून मी म्हणतो, यंत्र हाती आल्यावर पहिल्या दिवशी ते माशाचे चिन्ह बंद करावे. तशी सोय बहुतेक यंत्रांत असते.

याउलट तळाची रेघ सहसा फसवत नाही, फक्त ती वाचायला शिकावी लागते. खडकाळ, कठीण तळावरून प्रतिध्वनी जोरात येतो आणि पुष्कळदा तो पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन परततो, त्यामुळे दुप्पट खोलीवर दुसरा, फिका तळ दिसतो. मऊ चिखल ध्वनी गिळतो. तिथे रेघ अंधूक होते आणि दुसरा प्रतिध्वनी नाहीसा होतो. ही दोन चित्रे ओळखता आली की निम्मे काम झाले. कारण तांबोशी आणि गोबरा खडकाच्या आश्रयाने राहतात, आणि खाडीतला जिताडा प्रवाहाच्या कडेला, जिथे उथळ भाग एकदम खोल होतो अशा जागी दबा धरून असतो. मासा हलतो, खडक हलत नाही. आज खडक सापडला तर तो पुढच्या रविवारीही तिथेच असेल. खाडीच्या मुखाशी असलेले वाळूचे दांडे मात्र दर पावसाळ्यात जागा बदलतात, म्हणून विकत मिळणाऱ्या तयार नकाशांपेक्षा आपण स्वतः फिरून पाहिलेला तळ अधिक भरवशाचा. आणि हे पाहताना भरती-ओहोटीचे भान ठेवावे. उधाणाच्या भरतीला वाचलेला आकडा ओहोटीला दोन-अडीच मीटरांनी खोटा ठरू शकतो, आणि मग दोष यंत्राला दिला जातो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. ध्वनी खाली जातो तो शंकूच्या आकारात. २०० किलोहर्ट्झच्या नेहमीच्या ट्रान्सड्यूसरचा शंकू सुमारे २० अंशांचा धरला, तर तळावर त्याने व्यापलेल्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश भरतो. तीन मीटर पाण्यात एक मीटर! म्हणजे आपल्या खाड्यांच्या उथळ भागात हे यंत्र बसल्या जागेखालची चटईएवढी जागा पाहते, आणि तेवढ्यात असलेला मासा होडीच्या सावलीनेच पळालेला असतो. कमी वारंवारतेचा शंकू रुंद असतो आणि तो खोलवर पोहोचतो, पण बारकावे हरवतो. मासे पाहण्यासाठी म्हणून घेतलेले यंत्र उथळ पाण्यात निरुपयोगी वाटू लागते ते यामुळे. तळ पाहणाऱ्याची मात्र निराशा होत नाही. तो होडी हळूहळू पुढे नेत एकेक मीटर जोडत जातो.

मग पैसा कशावर खर्च करावा? माझ्या मते तीन गोष्टींवर. भर उन्हात वाचता येईल असा पडदा, दोन वारंवारता, आणि जागेची नोंद ठेवणारे जीपीएस. चौथ्या गोष्टीवर थोडासा: पाणी आत न शिरणारी जोडणी, कारण खारे पाणी कोणालाच क्षमा करत नाही. चार-पाच इंची पडद्याचे यंत्र वीज इतकी कमी खाते की १२ व्होल्टची लहानशी बॅटरी दिवसभराच्या फेरीला पुरून उरते. दोन्ही बाजूंना पाहणारे, पुढे पाहणारे, मासा हालताना 'जिवंत' दाखवणारे प्रकार आहेत, आणि साध्या यंत्रापेक्षा त्यांची किंमत दहापटीहून वर जाते. या पुढे पाहणाऱ्या सोनारने कौशल्याचे काय उरते, यावर अमेरिकेतील बास माशांच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये एवढा वाद झाला की २०२५ पासून तेथे त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या गेल्या. ज्यांचे पोट स्पर्धेवर आहे त्यांचा तो वाद. आपण शिकाऊ माणसांनी त्यात का पडावे?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही: 'स्वस्त घेऊन वर्षात पुन्हा महाग घ्यायचे, त्यापेक्षा एकदाच चांगले घ्या.' ज्याला काय हवे ते नक्की कळले आहे त्याच्यासाठी हे बरोबर आहे. पण पहिले यंत्र घेणाऱ्याला नेमके तेच कळलेले नसते. दोन ऋतू साधे यंत्र वापरल्यावर पुष्कळांना कळेल की आपल्याला दुसरे नकोच. उरलेल्यांना काय हवे ते शब्दांत सांगता येईल, आणि साधे यंत्र मागच्या बाकावरच्या कोणालातरी विकताही येईल.

जे धक्क्यावरून किंवा खडकावरून गरवतात त्यांच्यासाठी दोरीला बांधून फेकायचा चेंडूसारखा सोनार मिळतो. तो तरंगत राहून मोबाइलला चित्र पाठवतो. बुडाला तर संदेश बंद, कारण त्याच्या रेडिओलहरी पाण्यातून जात नाहीत. वस्तू गमतीची आहे, पण खडकात अडकून दोरी तुटली की चेंडू समुद्रार्पण. धक्क्यावरच्यांना मी उलट असे सुचवीन की जड शिसे फेकावे आणि दोरी सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजावेत, मग ते हळूहळू ओढावे. चिखलात ते रुतत येते, खडकावर टकटक करत येते. हे यंत्र प्रत्येकाच्या पिशवीत आधीपासूनच आहे.

आता जीपीएसविषयी एक नाजूक मुद्दा. आपल्या गावांतील गाबीत, कोळी, भंडारी मच्छीमार मंदिराचा कळस आणि डोंगरावरचे झाड एका रेषेत धरून समुद्रातल्या जागा ओळखत आले. त्या खुणा बापाकडून मुलाकडे जातात. ती त्यांची मिळकत आहे. त्यांच्या होडीतून एक दिवस हौसेने गेलेल्या पाहुण्याने त्या जागेचा आकडा यंत्रात उतरवून घ्यावा आणि संध्याकाळी चारशे जणांच्या समूहावर टाकावा, याला मी चोरीच म्हणेन. हौस आणि पोट एकाच खडकावर आले तर हौसेने बाजूला व्हावे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी यावर माझ्याशी वाद घालतील, खुशाल घालावा.

आणि खोलीचा आकडा आणखी एका कामी येतो, ज्याचा विचार धरलेला मासा सोडून देणाऱ्या मित्रांनी जरूर करावा. दहा मीटर पाण्याखाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वीस मीटरला तिप्पट. तेवढ्या खोलीवरून गोबरा भराभर वर ओढला की त्याच्या पिशवीतील वायू त्याच प्रमाणात फुगतो, पोट फुगते, जठर तोंडातून बाहेर येते. असा मासा पाण्यात सोडला तरी बहुधा खाली जाऊ शकत नाही. वर तरंगत राहतो आणि घारींच्या तोंडी जातो. छायाचित्र काढून 'सोडून दिला' असे लिहिण्यात मग काय अर्थ उरला? पडद्यावर वीसचा आकडा दिसत असेल आणि खायला न्यायचे नसेल, तर तिथे गळ सोडू नये. हवेच्या पिशवीवरून मासा शोधणारे यंत्र त्याच पिशवीची काळजीही घ्यायला शिकवत असेल, तर त्याची किंमत वसूल झाली असे मी मानतो.

ज्यांचा निर्णय झालाच आहे त्यांना दुकानाविषयी एक सूचना. काचेच्या कपाटात चालू असलेल्या यंत्रावर कमानीच कमानी, थवेच्या थवे दिसतात. ते नमुन्याचे चित्र असते. कपाटात पाणी कुठले? दुकानदाराला ते बंद करायला सांगावे, यंत्र हातात घेऊन रस्त्यावर दुपारच्या उन्हात यावे, आणि तिरप्या नजरेने पडद्यावरचे आकडे वाचता येतात का ते पाहावे. कळा ओल्या बोटांनी दाबल्या जातात का तेही पाहावे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.