नोटीस बजावणारा हात पक्का हवा

आज ११ जुलै. नवाब अली नवाज जंग बहादूर यांचा जन्मदिन तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. निजामाच्या राज्याचे ते मुख्य अभियंता. मांजरेवरचा निजामसागर त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. आपला आदिलाबादही त्याच राज्यातला जिल्हा. आज कचेऱ्यांतून त्यांच्या तसबिरीला हार पडतील, भाषणे होतील, आणि ते योग्यच आहे. मात्र आज आम्हाला बोलायचे आहे ते ज्यांच्या नावावर एकही धरण लागणार नाही अशा लोकांविषयी. नगरपालिकेच्या टाउन प्लॅनिंग विभागातला बिल्डिंग ओव्हरसियर आणि त्याच्याबरोबर टेप धरणारा चेनमन. पायाची मापे घेणे, मोकळी सोडायची जागा सोडली की नाही ते पाहणे, नकाशात दोन मजले असताना तिसऱ्याच्या सळया वर आलेल्या दिसल्या तर काम थांबवायला सांगणे, हे त्यांचे काम. ही माणसे आज कोणाची नोकर आहेत, हा आमचा प्रश्न आहे.

आदिलाबाद शहर वाढले आहे. शेजारची गावे नगरपालिकेत आली आणि जानेवारी २०२०च्या निवडणुकीत प्रभाग ३६चे ४९ झाले. कापसाच्या शिवारात प्लॉट पडले. जैनद, बेला, तांसीकडची मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बांधू लागली. कापूस विकून आलेला पैसा आणि बँकेचे कर्ज मिळून एक घर उभे राहते. नाल्याच्या काठावरचा प्लॉट स्वस्त मिळतो म्हणून घेणारेही यांतच असतात, आणि तो नाला आहे हे त्यांना वेळेवर सांगणारा कोणीतरी पालिकेत असावा लागतो.

तसा माणूस पूर्वीपेक्षा आज जास्त लागतो, कारण २०२०च्या नोव्हेंबरात राज्याने टीएस-बीपास ही परवानगीची ऑनलाइन पद्धत आणली. ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या प्लॉटवर छोटे घर बांधायचे तर एका रुपयात नोंदणी, परवानगीची गरज नाही. ५०० चौरस मीटरपर्यंत मालकाने स्वतःच प्रमाणपत्र द्यायचे की सर्व नियमांप्रमाणे आहे, आणि परवानगी लगेच हातात. खेटे घालणे गेले, टेबलाखालचा व्यवहार आटला. या सुधारणेचे आम्ही स्वागतच केले पाहिजे. मात्र सरकार आधी विश्वास ठेवते आणि मग पडताळते, अशी या पद्धतीची मांडणी आहे. लिहून दिलेले खोटे निघाले तर २१ दिवसांत परवानगी मागे घेता येते. त्यासाठी त्या २१ दिवसांत कोणीतरी जागेवर जावे लागते. अर्ज संगणक तपासतो, प्लॉट माणसालाच तपासावा लागतो. टेबलावरचे काम कमी झाले तेवढी माणसे जागेवर वाढायला हवी होती.

ती का वाढली नाहीत? भरतीची गोष्ट दुःखद आहे. तेलंगणा लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये राज्यभरातल्या टाउन प्लॅनिंग बिल्डिंग ओव्हरसियरच्या १७५ जागांची जाहिरात काढली. परीक्षा होती १२ मार्च २०२३ला. आदल्या दिवशी गैरप्रकाराच्या संशयावरून ती पुढे ढकलली गेली, आणि त्या संशयाच्या चौकशीतून आयोगातली पेपरफुटी बाहेर आली. सहायक अभियंत्यांची नुकतीच झालेली परीक्षा रद्द झाली, गट एकची पूर्वपरीक्षाही रद्द झाली. गावाकडची मुले हैदराबादला खोल्या घेऊन अभ्यास करत होती. त्यांच्या आईबापांनी जे सोसले त्याची भरपाई नंतरच्या परीक्षेने झाली नाही.

जागा रिकामी राहिली तरी काम थांबत नाही. मग एजन्सीकडून माणूस मागवला जातो. आऊटसोर्सिंगचा पगार सरकारनेच २०२१च्या आदेशाने ठरवलेला आहे: कामाच्या वर्गाप्रमाणे १५,६००, १९,५०० किंवा २२,७५० रुपये. नेमणूक वर्षाची, मार्च संपत आला की पुढच्या वर्षाच्या आदेशाची वाट पाहायची. त्यात आरोग्य विम्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे एजन्सीने भरले की नाहीत, ही काळजी वेगळी.

आता एजन्सीचा असा तरुण एखाद्या वजनदार माणसाच्या बांधकामावर उभा आहे असे समजा. हातात टेप, मोबाइलवर मंजूर नकाशा. रस्त्याच्या बाजूला दीड मीटर सोडायचे होते, टेप अर्ध्या मीटरवरच भिंतीला लागते. तो फोटो काढतो. मालक वाद घालत नाही, फक्त एक फोन लावतो. त्या फोनचे उत्तर पालिकेतून येत नाही. ते एजन्सीकडून येते, ‘उद्यापासून दुसऱ्या प्रभागात जा’ असे. हे घडायला कोणी भ्रष्ट असण्याचीही गरज नाही. दर वर्षी ज्याची भाकरी नव्याने मंजूर होते, त्याला नाही म्हणण्याचे बळ कोणीच दिलेले नसते.

परमनंट माणसे तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती, असे वाचक विचारतील. खरे आहे. ४ एप्रिल २०१३ला ठाण्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली, तेव्हा अटक झालेल्यांत महापालिकेचा उपायुक्तही होता. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारचे रमाबाई अपार्टमेंट पडले. १७ जण गेले. घरात एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस साजरा होत होता. तीही इमारत बेकायदाच. पक्की नोकरी प्रामाणिकपणाची हमी देत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण पक्क्या नोकराला निलंबित करता येते, त्याची खातेनिहाय चौकशी होते, निवृत्तीनंतरही फाइल उघडता येते. एजन्सीचा माणूस गेला की त्याच्याबरोबर जबाबदारीही जाते. त्याने कोणत्या दिवशी काय पाहिले, याची आठवणही कचेरीत उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ला पाडकामाबाबत जे निर्देश दिले, त्यांनी हा प्रश्न आणखी टोकदार केला. कारणे दाखवा नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मालकाची सुनावणी, आणि नियम मोडून पाडले तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. हे निर्देश गरिबाच्या घराचे रक्षण करतात, म्हणून आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. मग मोजमाप एकोणीस हजार पाचशेवाल्याने करायचे, सही साहेबांनी करायची आणि माप चुकले तर घर मात्र सामान्य माणसाचे जायचे, ही व्यवस्था कशी चालेल?

कंत्राटी माणसे घरी पाठवा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्याला तात्पुरता म्हणत राहणे हा अन्याय आहे, असे न्यायालयाने डिसेंबर २०२४च्या जग्गो निकालात स्पष्ट सुनावले. मागच्या दाराने नेमणूक नको, हे २००६च्या उमादेवी निकालाचे म्हणणेही तितकेच खरे. दोन्ही सांभाळायचे तर परीक्षा वेळेवर घ्या, अनुभवाला गुण द्या, वयाची अट शिथिल करा. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत नोकरभरतीचा आदेश काढला आणि तरुणांचा संताप पाहून दीड महिन्यात मागे घेतला. सरकारला माघार घेता येते, हे पैनगंगेपलीकडे दिसले आहे.

नकाशे स्कॅन करणे, नोंदी भरणे, ड्रोनचे चित्रण तपासणे ही कामे कंत्राटावर खुशाल द्यावीत. जागेवरचे माप, पंचनामा, नोटीस आणि सुनावणी ही चार कामे मात्र नगरपालिकेच्या आस्थापनेवरच्या माणसाखेरीज कोणी करू नयेत. टाउन प्लॅनिंगची मंजूर पदे किती, भरलेली किती, एजन्सीची माणसे किती आणि त्यांचा पगार कोणत्या तारखेला झाला, हा तक्ता पालिकेच्या फलकावर तेलुगू, मराठी आणि उर्दूत दर महिन्याला लागावा. पहिला तक्ता याच जुलैत लावावा. पावसाळ्याचे अडीच महिने अजून बाकी आहेत.